आशा आणि दिशा : माकडाच्या मेंदूतील एक शोधकथा



आजचा विषय जाहीर झाल्यावर माझ्या एका स्नेह्यांनी मला वाटेत गाठून विचारले, “माकडाच्या मेंदूत काय चालते हे कळून आम्हां माणसांचे काय भले व्हायचे आहे?” प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर मी देण्यापेक्षा एका माकडानेच द्यावे हे बरे.

अमेरिकेतील टिंकलपॉ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माकडासमोर दोन पेले पालथे ठेवावयाचे. त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्याखाली केळ्याचा तुकडा दडवावयाचा. मग मध्ये पडदा धरावयाचा आणि थोड्या वेळाने माकडाला सोडावयाचे. माकड धावत जाऊन नेमका तोच पेला उचलते आणि केळे खाते. यात नवल ते काय? नवल पुढेच आहे. एकदा पडद्याआड केळे काढून घेतले व त्या जागी लेट्यूसचे पान ठेवले. लेट्यूस म्हणजे साहेबाच्या ताटातली कच्ची पालेभाजी. ती काही माकडाला वर्ज्य नाही, एरवी दिली तर ते मुकाट्याने खाते. परंतु या वेळी माकडाने पेला उचलला, हात पुढे केला आणि तो तसाच थांबला. पानाला त्याने स्पर्शही केला नाही. पेल्यात पाहिले, पेल्याखाली पाहिले, आजूबाजूला पाहिले. आणि एखाद्या वेळी तर ते बसलेल्या माणसांकडे वळून चक्क रागाने किंचाळले.

त्या माकडाचे असे काय नुकसान झाले होते? हातचे काही गेले नव्हते. उलट एक खाण्याजोगे पान मिळाले होते. गेले ते केळे त्याच्या हाती कधी आलेच नव्हते. ते होते फक्त त्याच्या डोक्यात. बाजारातल्या तुरीवरून घरात भांडण करणाऱ्या म्हणीतल्या भटजींना आपण हसतो. पण त्यांची आणि या माकडाची जातकुळी एकच, आणि आपलीही तीच.

आता त्याच प्रसंगात दुसरी एक गोष्ट घडली, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. माकडाचा हात दोन पेल्यांपैकी बरोबर त्याच पेल्याकडे गेला. म्हणजे डोक्यात दोन गोष्टी होत्या : मिळणार काय, आणि जावयाचे कोणीकडे. एक आशा, दुसरी दिशा. या दोन गोष्टी मेंदूत कोठे व कशा लिहिलेल्या असतात याचा शोध शास्त्रज्ञांनी घेतला; पण मौज अशी की फार वर्षे दोन निराळ्या वाटांनी, जणू त्यांचा एकमेकींशी संबंधच नाही अशा समजुतीने घेतला. त्या वाटा कोठे मिळाल्या, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

दिशेची वाट जुनी आहे. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघा तरुण वैद्यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पुढील भागाला विजेचा मंद प्रवाह लावला, तो समोरच्या बाजूचा पाय हलला. प्रयोगशाळेत जागा मिळाली नाही म्हणून हे प्रयोग हिट्झिगच्या घरीच, त्याच्या पत्नीच्या शृंगारमेजावर झाले, असे सांगतात. त्या बाईंचे मत कोणी नोंदवून ठेवलेले नाही. पुढे इंग्लंडात डेव्हिड फेरियरने हेच माकडावर करून पाहिले आणि मेंदूच्या पृष्ठभागाचा नकाशाच काढला : येथे स्पर्श केला की हात, तेथे केला की डोळा, पलीकडे जबडा. १८८१ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत त्याने मेंदूचा एक ठराविक भाग काढलेले माकड सभेपुढे आणले. ते एका अंगाने लुळे पडलेले पाहून फ्रान्सचे थोर वैद्य शार्को यांच्या तोंडून “हा तर रुग्णच!” असे उद्गार निघाले, म्हणतात. त्याच वर्षी प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्याखाली फेरियरवर खटलाही झाला. शस्त्रक्रिया त्याने स्वतः केली नव्हती, परवाना असलेल्या सहकाऱ्याने केली होती, म्हणून तो सुटला. या तक्रारीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

लिव्हरपूलच्या रिचर्ड केटनने याच्या उलट केले. वीज आत सोडण्याऐवजी मेंदूतून बाहेर येणारी वीज त्याने मोजली. सशांच्या व माकडांच्या मेंदूत क्षीण प्रवाह वाहतात, आणि प्राणी मान वळवू लागला किंवा चावू लागला की त्या त्या हालचालीच्या क्षेत्रातील प्रवाह बदलतो, असे त्याने जाहीर केले. वर्ष होते १८७५. श्रोत्यांना हे वर्ष ओळखीचे वाटेल. त्याच वर्षी पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. दोहोंत संबंध काहीच नाही. पण तिच्याच वळणाच्या एका व्याख्यानपीठावर उभे राहून केटनचे नाव घेताना तो योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही.

या सर्व शोधांतून मेंदूचे जे चित्र उभे राहिले ते आपल्या बाजाच्या पेटीसारखे होते. प्रत्येक हालचालीची एक पट्टी. ती दाबली की तो सूर. परंतु पट्टी दाबतो कोण? इच्छा, आशा, लोभ हे सारे त्या अदृश्य वादकाच्या गोटात ढकलून शास्त्रज्ञ मोकळे झाले. फार तर इच्छा म्हणजे पेटीचा भाता, तो जोराने हलविला की सूर मोठा निघतो, एवढेच. सूर कोणता निघावा याच्याशी भात्याचा संबंध नाही. ही समजूत आपण ध्यानात ठेवू, कारण पुढे तीच पणाला लागणार आहे.

मध्यंतरी केंब्रिजला एड्रियनने १९२६ च्या सुमारास एकेका मज्जातंतूची वीज वेगळी ऐकण्याची युक्ती साधली आणि १९३२ साली शेरिंग्टनबरोबर नोबेल पारितोषिक मिळविले. त्याचा शोध असा की मज्जातंतूतून जाणारा प्रत्येक ठोका सारख्याच आकाराचा असतो. निरोप जोराचा असेल तर ठोके मोठे होत नाहीत, दाट होतात. तारयंत्राच्या कडकट्टासारखी ही भाषा. मेंदूतील पेशीच्या शेजारी केसाहून बारीक सुई नेऊन ठेवली आणि ती ध्वनिवर्धकाला जोडली, तर त्या पेशीचे बोलणे कानांनी ऐकू येते.

तथापि हे ऐकावयाचे तर प्राणी जागा असला पाहिजे, आणि स्वखुशीने काही करीत असला पाहिजे. गुंगीत पडलेल्या माकडाला ना आशा ना दिशा. अमेरिकेत बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांत एडवर्ड एव्हर्ट्सने १९६० नंतरच्या दशकात ही गोष्ट पद्धतशीरपणे साधली. माकडाने दांडी इकडून तिकडे हलवावी, बरोबर हलविली की रसाचा घोट मिळावा, आणि त्या वेळी चालक क्षेत्रातील एकाच पेशीचे ठोके मोजावेत. स्नायू आखडण्यापूर्वीच पेशी बोलू लागते, हे त्याने दाखविले. मग दांडीला वजने अडकवून तिची दिशा व तिला लागणारा जोर या गोष्टी एकमेकींपासून सोडविल्या. त्याच्या पुष्कळ पेशी हात कोठे आहे यापेक्षा जोर किती लागतो हे सांगत होत्या.

दिशेचा हिशोब लागला तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. अपोस्टोलोस जॉर्गोपूलस हा मूळचा ग्रीक वैद्य. मध्यभागी एक दिवा, भोवती वर्तुळात आठ दिवे. जो लागेल त्याकडे माकडाने हात न्यावयाचा. १९८२ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी ३२३ पेशींचा हिशोब दिला. त्यांपैकी २४१ पेशींचे ठोके हाताच्या दिशेप्रमाणे नियमाने बदलत होते. प्रत्येक पेशीची एक आवडती दिशा. हात तिकडे गेला की ती सर्वांत जोरात बोलते, थोडा बाजूला गेला की थोडी कमी, आणि अगदी उलट गेला की जवळजवळ गप्प. पण यात एक अडचण होती. एकेक पेशी इतकी ढोबळ की तिच्या एकटीच्या सांगण्यावरून हात कोणीकडे जाणार हे धड कळत नाही. मग माकडाचा हात अचूक जातो कसा? जॉर्गोपूलसचे उत्तर मोठे सुंदर आहे. देवाच्या रथाला अनेक दोर बांधलेले आहेत, प्रत्येक गडी आपापल्या दिशेने आपापल्या जोराने ओढतो आहे. रथ जातो तो कोणा एकाच्या दिशेने नव्हे, सर्वांच्या ओढीची बेरीज होईल त्या दिशेने. पेशींची अशी बेरीज केली तर ती हाताच्या दिशेशी जवळजवळ तंतोतंत जुळते. इतकेच नव्हे, १९८९ मध्ये त्याने माकडाला दिव्याकडे न जाता दिव्यापासून काटकोनात हात नेण्यास शिकविले. तेव्हा हात हलण्यापूर्वीच्या त्या क्षणार्धात ही बेरीज दिव्याच्या दिशेकडून ठरलेल्या दिशेकडे हळूहळू वळताना दिसली. म्हणजे विचार वळताना त्याने पाहिला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

येथवर सगळे ठीक. पण या सर्व प्रयोगांत रसाचा घोट होता तो केवळ मजुरी म्हणून. माकड काम करते ते कशासाठी, हा प्रश्न हिशोबात कोणी धरलाच नव्हता.

आमच्या लहानपणी डमरू वाजवीत माकडवाला वाड्यात येई. माकडाने सलाम करावा, सासरी जाण्याचे सोंग करावे, आणि मग त्याला चार शेंगदाणे मिळावेत. आता तो खेळ कायद्याने बंद झाला आहे, आणि ते बरेच झाले. पण मला आठवते, खेळ संपत आला की माकडाचे डोळे सलामाकडे नसत, मालकाच्या मुठीकडे असत. त्या मुठीकडे पाहणाऱ्या पेशी स्वित्झर्लंडमध्ये फ्रिबूर विद्यापीठात सापडल्या, आणि त्याही चुकून सापडल्या.

वोल्फ्राम शुल्ट्झ हा खरे तर कंपवाताचा अभ्यास करीत होता. या रोगात मेंदूच्या बुडाशी असलेल्या काळसर पट्ट्यातील, म्हणजे कृष्णद्रव्यातील, पेशी मरतात आणि त्या ज्या डोपामीन नावाच्या द्रव्याचा पुरवठा करतात ते आटते, हे १९६० साली व्हिएन्नामध्ये उघड झाले होते. रोग्याला हालचाल सुरू करणे जमत नाही. तेव्हा या पेशी हालचालीच्याच असणार, असा सरळ तर्क. शुल्ट्झने माकडांत त्या पेशींचे बोलणे ऐकले, तर त्या हालचालीविषयी फारसे बोलेनात! माकडाने झाकलेल्या पेटीत हात घातला आणि बोटांना सफरचंदाचा तुकडा लागला की त्या एकदम बोलत. तुकड्यावाचून नुसतीच तार हाताला लागली तर नाही. पुढे त्याला त्याहून विचित्र गोष्ट आढळली. रसाचा थेंब अवचित मिळाला तर पेशी बोलते. थेंबाच्या आधी दर वेळी दिवा लावू लागले की काही दिवसांनी ती दिव्याला बोलते आणि थेंबाला गप्प राहते. आणि दिवा लावून थेंब दिलाच नाही, तर थेंब मिळावयाचा त्या नेमक्या क्षणी तिचे नेहमीचे ठोकेही थांबतात.

टिंकलपॉच्या माकडाचे किंचाळणे येथे एका पेशीत सापडले. पेशी सांगत होती ते मिळाले किती हे नव्हे, तर अपेक्षेहून किती अधिक वा उणे मिळाले हे. गंमत अशी की हेच गणित यंत्रांना अनुभवाने शिकविण्याच्या खटपटीत असलेल्या सटन व बार्टो या अमेरिकन संशोधकांनी स्वतंत्रपणे मांडून ठेवले होते. १९९७ साली शुल्ट्झ, डायान आणि माँटेग्यू यांनी दोन्ही जुळवून दाखविले. ज्यांचा पगार ठरल्या दिवशी ठरल्याप्रमाणे होतो त्यांना त्याचा आनंद का होत नाही, हे ज्यांना कळत नसेल त्यांनी हा निबंध वाचावा.

आता या डोपामीनच्या पेशींचे तंतू जातात कोठे? बव्हंशी मेंदूच्या खोल भागातील मज्जापुंजांकडे. त्यांत शेपटीसारखा वळलेला एक पुंज आहे, त्याला लॅटिनवरून कॉडेट म्हणतात. आणि नेमक्या याच पुंजाच्या मागे एक जपानी शास्त्रज्ञ अनेक वर्षे लागलेला होता.

ओकिहिदे हिकोसाका याने उमेदवारीच्या काळात, १९८३ साली, बेथेस्डात रॉबर्ट वुर्ट्झबरोबर एक सुंदर काम केले होते. डोळ्यांची हालचाल घडविणाऱ्या केंद्रावर कृष्णद्रव्याचा एक भाग सतत दाब ठेवून असतो. बैलाची वेसण धरून ठेवावी तसा. दृष्टी एका जागेवरून दुसरीकडे उडी घेण्यापूर्वी ती वेसण क्षणभर सैल होते. कॉडेटमधील पेशी ती सैल करतात. तेव्हा कॉडेटची पेशी कोणत्या दिशेला बोलते हे कळणे म्हणजे डोळा कोणीकडे सोडला जाणार हे कळणे होय.

टोकियोच्या जुंतेन्दो विद्यापीठात त्याने कावागोए आणि ताकिकावा या सहकाऱ्यांसह केलेला प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्याची रचना इतकी साधी आहे की आपण घरी मुलांबरोबर खेळावी. माकडाने पडद्याच्या मधल्या ठिपक्याकडे टक लावून पाहावयाचे. चार दिशांपैकी एका जागी क्षणभर ठिणगी चमकते आणि विझते. माकडाने तिकडे लगेच पाहावयाचे नाही. जागा लक्षात ठेवावयाची. मधला ठिपका मालवला की मग आठवणीने त्या जागी नजर टाकावयाची. एरवी बरोबर नजर टाकली की दर वेळी घोट मिळे. हिकोसाकाने एवढाच बदल केला : एका फेरीत चार दिशांपैकी एकाच दिशेला बक्षीस. बाकीच्या तीन दिशांची ठिणगी आली तरी नजर टाकलीच पाहिजे, न टाकली तर तोच डाव पुन्हा. पण मिळणार काही नाही. बिगारीच म्हणा. पुढच्या फेरीत बक्षिसाची दिशा दुसरी. कोणती, हे माकडाला कोणी सांगत नाही. दोनचार डावांत ते आपणच ताडते.

विचार करा, ठिणगी तीच, जागा तीच, आठवण तीच, टाकावयाची नजरही तीच. बदलली ती फक्त आशा. कॉडेटची पेशी जर निव्वळ पेटीची पट्टी असेल, तर तिच्या सुरात फरक पडण्याचे कारण नाही. भाता जोराने हलला तर सारेच सूर थोडे मोठे व्हावेत. पण झाले ते भलतेच. पेशीची आवडती दिशाच पुष्कळदा बदलली! बक्षीस उजवीकडे असता जी उजव्या ठिणगीला सर्वांत जोरात बोले, ती बक्षीस डावीकडे गेल्यावर डावीला बोलू लागे. थोड्या पेशी उलट स्वभावाच्याही निघाल्या, बक्षिसाच्या दिशेला त्यांचा आवाज बसे. बहुसंख्य मात्र आशेबरोबर वळल्या. आणि नजरही तशीच वागली : बक्षिसाकडे ती लवकर निघे आणि वेगाने जाई, बिगारीकडे रेंगाळत. भात्याने सूरच बदलला होता.

हा प्रयोग मला या सर्व कथेचा मध्य वाटतो. फेरियरपासून जी गोष्ट पेटीबाहेरच्या वादकाकडे सोपविली होती ती पट्टीच्या आतच निघाली. आधी दिशा ठरते आणि मग इच्छा तिला बळ देते, असा क्रम तेथे राहिला नाही. २००२ मध्ये लाउवेरेन्स, हिकोसाका आदींनी आणखी पुढचे दाखविले : ठिणगी चमकण्यापूर्वीच, म्हणजे जावयाचे कोठे हे कळण्यापूर्वीच, कॉडेटच्या काही पेशी बक्षिसाच्या बाजूने बोलू लागलेल्या असतात. न्यायाधीशाने फिर्याद ऐकण्याआधी निकालाचा मसुदा करावयास घ्यावा, त्यातला हा प्रकार. २००६ साली नाकामुरा व हिकोसाका यांनी कॉडेटमध्ये डोपामीनचा एक मार्ग औषधाने रोखला, तेव्हा मोठ्या बक्षिसाकडे जाणारी नजर मंदावली. दुसरा मार्ग रोखला, तेव्हा लहान बक्षिसाकडे जाणारी. शुल्ट्झची आशा आणि हिकोसाकाची दिशा यांचा सांधा तो हाच. कंपवाताच्या रोग्याची हालचाल आशेच्या द्रव्यावाचून का अडावी, हे कोडेही येथे पुष्कळसे उलगडते.

मात्र उत्साहाच्या भरात एक शंका गिळून टाकणे बरोबर नाही. बक्षीस मोठे असले की माकड अधिक सावध होते, अंग ताठ करते. मग पेशी बक्षिसाविषयी बोलते की केवळ त्या तत्परतेविषयी? पिट्सबर्गच्या रोश व ओल्सन यांनी २००४ साली हे सोडविण्यासाठी बक्षिसाबरोबर शिक्षेचीही धास्ती घातली : चुकलास तर अमुक इतका वेळ ताटकळत बसावे लागेल. मोठी आशा आणि मोठी धास्ती या दोहोंनीही माकड सारखेच जोराने कामाला लागते. कपाळाच्या मागच्या बाजूला, हालचालीच्या क्षेत्राजवळच्या पेशी दोन्ही वेळा जोराने बोलल्या. म्हणजे त्या खरोखर भात्याच्याच होत्या. डोळ्यांच्या वर, मेंदूच्या तळभागातल्या पेशी मात्र आशेला बोलल्या, धास्तीला नाही. तेव्हा जुने चित्र सर्वस्वी खोटे नव्हते. मेंदूत भाता आहेच. फक्त तो सर्वत्र नाही. माझ्या मते हिकोसाकाच्या प्रयोगाला या शंकेने उणेपणा येत नाही, कारण नुसती तत्परता चार दिशांतून एक निवडून काढू शकत नाही. पण ही तपासणी झाली हे चांगले झाले.

आता त्या राहिलेल्या तक्रारीविषयी. मेंदूच्या आत वेदनेची जाणीव नसते, त्यामुळे सुई टोचल्याचे माकडाला दुखत नाही, हे खरे. पण त्याचे डोके खुर्चीला जखडलेले असते, कवटीवर शस्त्रक्रिया झालेली असते, आणि रसाच्या घोटासाठी त्याने काम करावे म्हणून त्याचे एरवीचे पाणी मोजून दिले जाते. आशेचा अभ्यास करावयाचा तर तहान लागते. या व्यवहारात आपलाही हात आहे : एके काळी भारतातून दर वर्षी हजारोंच्या संख्येने माकडे परदेशी प्रयोगशाळांना जात, आणि १९७८ साली सरकारने ती निर्यात बंद केली. कंपवाताचा रोगी घरात असलेल्या माणसाने याचा एक हिशोब करावा आणि माकडाने दुसरा, हे साहजिक आहे. मी दोन्ही बाजूंना पुष्कळ वेळा बसून पाहिले, आणि दोन्हीकडे मला अवघडल्यासारखेच झाले.

शेवटी एकच प्रयोग सांगतो. २००९ साली ब्रॉम्बर्ग-मार्टिन आणि हिकोसाका यांनी माकडांपुढे दोन खुणा ठेवल्या. एकीकडे पाहिले की लगेच कळे, या खेपेस घोट मोठा की लहान; दुसरीकडे पाहिले तर कळत नसे, वाट पाहावी लागे. कोणतीही निवडा, मिळावयाचे ते तेवढेच, आणि तेव्हाच. आधी कळून काडीचा फायदा नव्हता. तरी माकडे पुन्हा पुन्हा कळविणाऱ्या खुणेकडेच पाहत; आणि रसाच्या थेंबाला बोलणाऱ्या त्याच डोपामीनच्या पेशी त्या नुसत्या बातमीच्या चाहुलीलाही बोलत. परीक्षेचा निकाल लागण्याच्या आदल्या दिवशी ज्योतिषाच्या ओसरीवर जी गर्दी होते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या खुर्चीतल्या माकडांची नजर कोणीकडे वळत असेल हे वेगळे सांगावयास नको.